उणे एक

माणसाची किंमत किती, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी डोकेफोड केली आणि त्यातले काही कंटाळून हिमालयात निघून गेले. आमच्या बँकेत हा प्रश्न पावणेदोन मिनिटांत सुटतो. माणसाचा पॅन नंबर टाकायचा, एंटर दाबायचं, आणि सर्व्हर शुद्धीवर असेल तर पडद्यावर एक आकडा उमटतो. कमीत कमी ३००, जास्तीत जास्त ९००. साडेसातशेच्या वर असला तर आम्ही "बसा ना, चहा घेणार?" म्हणतो. सहाशेच्या खाली असला तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणतो. साहेब तेव्हा समोरच काचेच्या केबिनमध्ये बसून डबा खात असतात. पण सहाशेच्या खालच्या माणसाला काचेपलीकडचं दिसत नाही, असं धरून चालायचं.

माझा स्वतःचा आकडा ७८२ आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही. बी.कॉम.ला मला ४९ टक्के होते. बँकेत लागून वीस वर्षं होऊन गेली; प्रमोशनची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळेला बँकेने माझ्यातल्या कारकुनाची कदर केली. तेव्हा सातशेच्या घरात मार्क मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले, आणि तेही कर्ज या विषयात.

आमची शाखा पिंपरीत. पिंपरीत दोन प्रकारची माणसं राहतात. एक गाड्या तयार करणारी आणि दुसरी गाड्यांचे हप्ते भरणारी. बहुतेक जण दोन्ही प्रकारांत मोडतात. बजाजची चेतक १९७२ साली निघाली ती आकुर्डीच्या कारखान्यातून. १९९८ साली टाटांची इंडिका आली ती इथल्याच पिंपरीच्या कारखान्यातून. पुढे चाकणला जर्मन लोक येऊन बसले. त्यामुळे इथला माणूस आठ तास दुसऱ्याची गाडी जोडतो आणि साठ महिने स्वतःच्या गाडीचे हप्ते जोडतो. एमएच-१४ ही पाटी लावून रस्त्यावरून जी गाडी जाते तिची चार चाकं मालकाची असतात, पण बाकीची गाडी आमच्या बँकेची असते. हे मालकाला ठाऊक असतं. तरी तो काचेवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' असंच लिहितो. बँकेचं नाव लिहीत नाही.

तर गेल्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता आणि सगळी पिंपरी गाडी घ्यायला बाहेर पडली होती. माझ्या टेबलापुढे रांग होती. रांगेत एक तिशीचा माणूस दोन तास उभा होता. खुर्ची रिकामी असून बसला नाही, मोबाइल काढला नाही, पुढच्याला "जरा सरका" म्हणाला नाही. एवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती की हा माणूस नॉर्मल नाही.

ओळखलं ते आमच्या हवालदारमामांनी. हवालदारमामा म्हणजे आमचे दारावरचे गार्ड. दुनळी बंदूक, खाकी कपडे, मिशा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते कधी कुणाकडे स्वतःहून जात नाहीत. एटीएममध्ये नोट अडकली म्हणून बोंब मारणाऱ्याकडेसुद्धा ते बुबुळं न हलवता पाहतात. पण या माणसाकडे ते गेले, दोन वाक्यं बोलले, आणि येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, आपला माणूस आहे. खडकीचा. बॉम्बे सॅपर्स."

मी त्याला पुढे बोलावलं. रांगेतून "आम्ही काय इथं भजन करतोय का?" असा आवाज आला. तो माणूस मागे वळून म्हणाला, "तुमचं होऊ द्या काका, मी थांबतो," आणि खरंच थांबला. म्हणजे देशसेवेचा पहिला फायदा एका प्लॉट एजंटला झाला.

त्याची मागणी साधी होती. नऊ वर्षं नोकरी, हुद्दा नाईक. घर साताऱ्याकडचं, पण बायको, आई आणि तीन वर्षांची मुलगी चिखलीत भाड्याच्या खोलीत. गाडी घ्यायची, सात लाखांच्या आतली. कॅन्टीनमधून घेतली की कराचा काही भाग वाचतो. कर्ज सहा लाख हवं. रजा तीस दिवसांची, त्यातले दहा संपले.

मी पॅन टाकला, एंटर दाबलं. सर्व्हर शुद्धीवर होता. आकडा आला: -१.

तुम्हाला वाटेल माझी टायपिंगची चूक. नाही. ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही त्याच्या नावापुढे उणे एक येतो. लक्षात घ्या, शून्यसुद्धा नाही. शून्य म्हटलं तरी त्यात एक तटस्थपणा आहे. बँका बुडवणाऱ्याला निदान तीनशे तरी मिळतात, कारण त्याने कर्ज घेतलेलं असतं, त्याचा आमचा काही संबंध आलेला असतो. पण ज्याने कुणापुढे हात पसरला नाही तो आमच्या हिशेबी अजून जन्मलेलाच नाही. एक पाऊल अलीकडेच आहे.

मी त्याला हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "साहेब, आमची आई म्हणायची, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ऋण काढून सण करू नये. मी तेच केलं."

आता त्याला कसं सांगायचं की बाबा, तुझं अंथरूण न फाटलेलं आहे हीच तक्रार आहे? आम्हाला फाटलेलं आणि मग नीट शिवलेलं अंथरूण दाखवावं लागतं. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी त्याला प्रेमाने सल्ला दिला, "आधी एक क्रेडिट कार्ड घ्या, थोडी उधारी करा, सहा महिने फेडा, मग या." म्हणजे लग्नाच्या मुलाला 'आधीच्या लग्नाचा अनुभव असेल तर प्राधान्य' असं सांगण्यासारखंच झालं. पण बाईंची चूक नाही. आम्ही सगळेच असं सांगतो. वीस वर्षं सांगत आलो की कुठलीही गोष्ट शहाणपणाची वाटायला लागते.

यंत्राने आणखी एक गोष्ट विचारली होती: सध्याचा पत्ता. त्याने लिहिलं, 'मार्फत ५६ एपीओ'. हे सैन्याच्या टपालाचं नाव. माणूस बर्फात असो की वाळवंटात, त्याचं पत्र याच पत्त्यावर जायचं. कुठे आहे ते टपालखात्याला ठाऊक, तुम्हाआम्हाला नाही. आमच्या पत्ता-तपासणीच्या पोराने फॉर्म पाहिला आणि विचारलं, "काका, हे एपीओ कुठं आलं? भोसरीच्या पुढं का? जवळची खूण काय?"

नाईकसाहेब क्षणभर विचार करून म्हणाले, "जवळची खूण सांगता येत नाही."

"बरं, शेजाऱ्यांचं नाव?"

"तेही सांगता येत नाही."

पोराने 'शेजारी चौकशीला सहकार्य करत नाहीत' असा शेरा लिहायला घेतला होता. मी तो खोडला.

मग जामीनदार. त्याच्याबरोबरचा त्याचा बडी जामीन राहायला तयार होता. सैन्यात म्हणे दोघादोघांची जोडी असते. एक झोपला की दुसरा जागा. मी त्या बडीचाही पॅन टाकून पाहिला. -१. मी बी.कॉम. असल्यामुळे माझ्या मनात लगेच आलं की उणे एक गुणिले उणे एक म्हणजे अधिक एक. पण जमाखर्चात गुणाकार नसतो, बेरीज असते, आणि ती उणे दोन येत होती. चुलतभाऊ होता, तो अग्निवीर. त्याचा विषयच वेगळा. २०२२ साली निघालेल्या त्या योजनेत नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के कापून निधीत, म्हणजे हातात २१ हजार. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम व्हायचे. आणि आमचं गाडीचं कर्ज सात वर्षांचं. नोकरी संपल्यावर तीन वर्षं हप्ता कोण भरणार, या प्रश्नाला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. तो पोरगा हसून म्हणाला, "काका, मी जामीन राहीन, पण मलाच कुणीतरी जामीन बघा."

पत हा शब्द गमतीचा आहे. पतपेढीतली पतही तीच आणि 'देवा, माझी पत राख' यातली पतही तीच. आमच्या वडिलांच्या काळात त्या दोघी एकाच घरात राहत. चेतक स्कूटरसाठी तेव्हा लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. पोरगा पाळण्यात असताना पैसे भरायचे आणि तो शाळेत जायला लागला की स्कूटर. वडिलांनी कामगार पतपेढीतून कर्ज काढलं तेव्हा जामीन दोघे, एकाच शॉपमधले. एक डाव्या मशीनवर, एक उजव्या. वडील हप्ता चुकवणार कसे? दोन्हीकडून जामीनदार आठ तास पाहत असत. वडिलांची पत किती, हे कोपऱ्यावरच्या वाण्याला ठाऊक होतं, गिरणीवाल्याला ठाऊक होतं, आणि आईला तर फारच नेमकं ठाऊक होतं. कुणी आकडा सांगत नसे. आता आकडा आहे आणि ओळखणारं कुणी नाही.

आता म्हणाल, जुनं तेवढं सोनं. तसं मुळीच नाही. ओळखीवर चालणाऱ्या पतीमध्ये जात बघितली जायची, गाव बघितलं जायचं, तोंड बघितलं जायचं. यंत्र निदान तोंड बघत नाही. १२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं बाहेर काढून जाळली, ती सावकार ओळखीचा नव्हता म्हणून नव्हे. तो चांगला ओळखीचा होता. दंगे पसरले, सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा वेगळा कायदा केला. म्हणजे कर्जाचे कागद हा आमच्या भागातला जुनाच ज्वालाग्राही पदार्थ आहे.

आणि त्याच्याही आधी, आमच्या शाखेपासून पंधराएक किलोमीटरवर, देहूला, एका सावकाराच्या मुलाने खतपत्रांचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. मग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी कर्जाच्या कागदांची वाटणी केली. धाकट्या भावाच्या वाट्याचे त्याला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. बँकेच्या भाषेत हे शंभर टक्के निर्लेखन. आमच्याकडे त्यासाठी विभागीय कार्यालयाची मंजुरी लागते. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या असं सांगतात. मला एक कर्मचारी या नात्याने नेहमी वाटतं की कोणते कागद परत करायचे आणि कोणते पोटात ठेवायचे हे त्या नदीला बरोबर कळत होतं. खतपत्रं काही वर आली नाहीत. धाकट्या भावाने मात्र आपला हिस्सा ठेवला, हेही विसरू नका. संताच्या घरातसुद्धा कुणीतरी वसुलीला लागतंच. मी त्या धाकट्या भावाच्या खात्यात नोकरीला आहे.

त्या संध्याकाळी शाखा बंद करताना मी पाहिलं. साहेबांनी किल्ली फिरवली, शटर ओढलं, आणि आतल्या सगळ्या नोटा, लोकांचं लॉकरमधलं सोनं, माझ्या टेबलावरचं पेनस्टँड, हे सगळं हवालदारमामांच्या आणि त्यांच्या त्या दुनळीच्या हवाली करून आम्ही घरी निघालो. गेली आठ वर्षं आम्ही हेच करतो. गार्ड ठेवायचा तर माजी सैनिकच बघतो, कारण भरवशाचा माणूस पाहिजे. तेव्हा कुणी त्याचा आकडा विचारत नाही. म्हणजे आमच्या बँकेला फौजी माणूस तिजोरीबाहेर उभा असला तर चालतो. तिजोरीतले सहा लाख पाच वर्षांसाठी मागायला लागला की तो अनोळखी होतो.

हवालदारमामांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, राणेसाहेबांचं ऐकलंय ना?" सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. बॉम्बे सॅपर्सचेच, परमवीर चक्र. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर पाकिस्तानने सुरुंग पेरलेले आणि झाडं तोडून आडवी टाकलेली. राणे रणगाड्याखाली सरपटत पुढे गेले आणि दोरी ओढून वरच्या चालकाला खुणा करत गेले, कुठे चल, कुठे थांब. "तो चालक काय बघून गाडी पुढं घेत होता?" मामांनी विचारलं. मी काही बोललो नाही. सुरुंग काढणाऱ्याने 'इथून जा' म्हटलं की मागची सगळी पलटण तिथून जाते. त्याच्या शब्दावर माणसं पाय टाकतात. आमचं काय, जास्तीत जास्त सहा लाख बुडाले असते, आणि तेही विम्याच्या गाडीसकट.

पण थांबा. इथे टाळ्या वाजवून लेख संपवणं सोपं आहे, आणि मी तसाच घरी गेलोही होतो, छाती पुढे काढून. जेवताना मला दुसरी बाजू आठवली. देशप्रेम तारण म्हणून लिहून घेता येत नाही. शौर्य आणि परतफेड ही दोन वेगळी खाती आहेत. उत्तम सुरुंग काढणारा माणूस हप्ते विसरणारा असू शकतो. मीच हप्ते चोख भरणारा आहे आणि मला झुरळाची भीती वाटते. शिवाय ते पैसे आमच्या साहेबांचे नाहीत. ते मोरवाडीच्या त्या निवृत्त शिक्षिकाबाईंचे आहेत, ज्या दर तीन महिन्यांनी एफडीच्या व्याजासाठी येतात आणि पासबुक दोनदा वाचतात. त्यांनी आमचा आकडा कधी विचारला नाही. नुसत्या पाटीवर विश्वास ठेवला. त्यांच्या पैशावर मी कुणाला सलाम ठोकायचा अधिकार काय?

आणि कायद्याचीही एक गाठ आहे. १९५० च्या आर्मी अॅक्टचं २८ वं कलम म्हणतं की सैनिकाचं हत्यार, कपडे, सामान आणि त्याचा पगार कुठल्याही दिवाणी कोर्टाच्या हुकमाने जप्त होणार नाही. कामासाठी वापरायचं जनावरसुद्धा नाही. पुढचं २९ वं कलम म्हणतं, कर्जापायी त्याला अटक होणार नाही. किती चांगली गोष्ट! सीमेवरच्या माणसामागे सावकाराचा माणूस लागू नये. पण सावकाराच्या जागी बसून वाचलं की त्याच कलमाचा अर्थ वेगळा लागतो: याला दिलेले पैसे ओढून आणता येणार नाहीत. ज्या भिंतीने त्याला वाचवायचं तीच भिंत त्याला आमच्या दारापासून अडवते. अमेरिकेसारख्या देशातही ही भानगड सुटलेली नाही. तिथे लष्करी तळांच्या आसपास कर्ज द्यायला टपून बसलेल्यांचा एवढा सुळसुळाट झाला की २००६ साली सैनिकांच्या कित्येक कर्जांवर वर्षाला ३६ टक्के अशी व्याजाची कमाल मर्यादा कायद्याने घालावी लागली. कमाल ३६! सुप्याचा सावकारसुद्धा वही मिटून विचारात पडला असता. आणि गाडी घ्यायला गाडीच तारण ठेवून काढलेलं कर्ज त्या कायद्यातूनही वगळलेलं. म्हणजे फौजीला कर्ज न देणं हा एक अन्याय, आणि हसत हसत वाटेल तेवढं देणं हा दुसरा. दुसऱ्यात चहाही मिळतो, एवढाच फरक.

हे सगळं मी बायकोला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेऊन तिने एकच विचारलं, "तुम्ही राहाल का त्याला जामीन?"

आता इथे मला खोटं लिहिता आलं असतं. आमच्या बँकेत नियम आहे, नोकराने ग्राहकाला जामीन राहायचं नाही. मी तो नियम तिला सांगितला. आणि सांगताना, काय सांगू, मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण तिने भाकरी जरा जोरात उलटली.

मी एकदा जामीन राहिलेला आहे. मेव्हण्याला, मोटरसायकलसाठी. अकरा हप्ते मी भरले. ते वेळेवर भरल्यामुळे मेव्हण्याचं रेकॉर्ड स्वच्छ राहिलं, आणि आज त्याचा आकडा माझ्यापेक्षा १९ ने जास्त आहे. पैसे कुणाच्या खिशातून गेले हे यंत्राला कळत नाही. गेले एवढंच कळतं. मेव्हणा मला अधूनमधून आर्थिक शिस्तीबद्दल दोन गोष्टी सांगतो.

दुसऱ्या दिवशी नाईकसाहेब परत आले. यावेळी मी विचारलं, गाडी कशाला? म्हणजे मोटरसायकल का नाही?

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "मागच्या पावसात पोरीला रात्री ताप चढला, आकडी आली. चिखलीत रात्री दोन वाजता रिक्षा मिळेना. बायकोने मला फोन लावला. मी तिकडं वर. आता मी फोनवर काय करणार साहेब? तिचा फोन धरून बसलो. पाऊण तासाने शेजारच्यांचा टेम्पो मिळाला." थोडं थांबून म्हणाले, "बायको आता ड्रायव्हिंग शिकली. लायसन्सही काढलं. मी काय घरी असणार नाही. गाडी तरी दारात असू दे."

मी फाइल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांचा डबा संपत आला होता. साहेब कडक. त्यांनी आयुष्यात एकही कर्ज बुडू दिलेलं नाही, कारण शक्यतो दिलेलंच नाही. मी म्हटलं, "उणे एक आहे, पण..." ते म्हणाले, "पण काय? पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला नुसता इतिहास नाही म्हणून नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. ऑगस्टमध्ये लोकसभेतही सरकारने तेच सांगितलं. कमीत कमी अमुक आकडा हवाच असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. परिपत्रकं वाचत जा." मी वाचत नाही हे खरं. मी फक्त त्यांवर सही करून पुढच्या टेबलाला देतो.

मग साहेबांनी त्याचं बचत खातं उघडून पाहिलं, जे मी इतिहासाच्या नादात पाहिलंच नव्हतं. नऊ वर्षं पगार आमच्याच शाखेत. दर महिन्याला घरी ठराविक रक्कम. शिल्लक तीन लाख चाळीस हजार, बचत खात्याच्या किरकोळ व्याजावर निवांत पडलेली. साहेब चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं आपण याचं कर्ज घेऊन बसलोय, आणि हा आपल्याकडे मागायला आला तर आपण त्याला विचारतोय, तू कोण?"

त्यांनी त्याला आत बोलावून बसवलं. खुर्चीच्या कडेवर, ताठ.

"सहा लाख कुणी सांगितलं?"

"डीलर म्हणाला, हातातली रक्कम हातात ठेवा, सात वर्षांचं करा, हप्ता हलका बसतो."

साहेबांनी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे वळवला. ९ टक्के धरले तर सहा लाखांचा सात वर्षांचा हप्ता ९,६५३. वर व्याज दोन लाख दहा हजारांपेक्षा जास्त. चार लाखांचा पाच वर्षांचा हप्ता ८,३०३. व्याज अठ्ठ्याण्णव हजार. "दोन लाख चाळीस हजार खात्यातले घाला, एक लाख पोरीच्या आजारपणाला ठेवा, त्यांना हात लावू नका. गाडी साडेसहाच्या आत बसवा. चार लाख देतो. पाच वर्षं. एवढ्यात तुमची नोकरी पेन्शनच्या आतच राहते." मग फाइलवर स्वतःच्या हाताने सात ओळींचा शेरा लिहिला आणि खाली सही केली. साहेबांची सही मी वीस वर्षांत इतकी ठळक पाहिलेली नव्हती. हे कर्ज बुडालं तर त्या सात ओळी त्यांच्या फाइलमध्ये जाणार होत्या, आणि त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

म्हणजे जामीन कुणीतरी राहिलंच. मी नव्हे.

यानंतर कागदपत्रं. आमच्या कर्जाच्या करारपत्राची अडतीस पानं असतात. ग्राहक येतो, आम्ही जिथे पेन्सिलने फुली मारलेली असते तिथे तो सही करतो, सहा मिनिटांत काम होतं. शेवटच्या पानावर छापलेलं असतं: 'वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो मला समजला आहे.' तिथेही फुली असते.

नाईकसाहेबांनी आधी ते शेवटचं पान वाचलं. मग पहिलं पान उघडलं.

"अहो, नुसत्या सह्या करायच्या," मी म्हटलं.

"इथं लिहिलंय ना, वाचलं असून समजलं आहे. मग वाचायला पाहिजे."

आणि तो वाचायला लागला. बोट ठेवून. पहिलं पान, दुसरं पान. मागे रांग वाढत गेली. प्लॉट एजंट आज पुन्हा आला होता, तो म्हणाला, "कादंबरी घरी न्या!" नवव्या पानावर जेवणाची सुट्टी झाली. मी डबा खाऊन आलो तेव्हा स्वारी चौदाव्या पानावर होती आणि हवालदारमामा शेजारी उभे राहून अवघड शब्द आले की माझ्याकडे बघत होते. गहाणवट म्हणजे काय, दंडव्याज कधी लागतं, या एका कलमात 'आणि/किंवा' लिहिलंय तर नक्की आणि की किंवा? मला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. वीस वर्षं मी त्या करारावर सह्या घेतोय. आणि-किंवाकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

एकविसाव्या पानावर त्याचं बोट थांबलं. कलम होतं की कर्जदाराने आपला राहण्याचा ठिकाणा बदलताच बँकेला तो लेखी कळवला पाहिजे.

"यावर सही होणार नाही साहेब. ठिकाणा मी कुणालाच कळवू शकत नाही."

"अहो, ते नुसतं छापील आहे! कोण बघतंय?"

"पण मी सही करणार ना."

शेवटी साहेबांना उठून यावं लागलं. त्यांनी त्या कलमाच्या कडेला शाईने 'पत्ता: मार्फत ५६ एपीओ, तसेच चिखली येथील कुटुंबाचा पत्ता, हे पुरेसे' असं लिहिलं, दोघांनी तिथे सह्या केल्या, मग बोट पुढे सरकलं. साडेतीनला अडतिसावं पान आलं. त्याने सगळं नीट जुळवलं, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, आणि मग फुलीवर सही केली. माझं पेन परत करताना सहज म्हणाला,

"लई मोठं असतं हो हे. तुम्ही पण घराचं कर्ज घेतलं असेल ना? तेव्हा तुम्हालाही हे सगळं वाचायला लागलं असेल."

हवालदारमामा माझ्याकडे बघत होते. शेजारच्या बाईही बघत होत्या.

"वाचलं होतं," मी म्हणालो. "सगळं."

संध्याकाळी मी आपला एकदा माझा पॅन टाकून पाहिला. ७८२.